सगळ्यांची नावं एका ओळीत

आमची कितीतरी वर्षांची मेहनत त्या सर्व्हरने उंबरठ्यावरूनच परत पाठवली, आणि तीही तांबड्या अक्षरांतल्या एका ओळीच्या निरोपावर. लेखकाची ओळ नीट नाही, एवढंच त्याचं म्हणणं. रत्नागिरीतल्या घराच्या पडवीत मी लॅपटॉप घेऊन बसले होते, चहा निवत होता, आणि मी पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "नीट नाही म्हणजे काय रे मेल्या?" आतून नवऱ्याने विचारलं, "कोणाशी भांडतेयस?" मी म्हटलं, "कचेरीच्या यंत्राशी." तो म्हणाला, "मग चालू दे," आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन-चार माणसं मिळून प्रोग्राम लिहितात तेव्हा सगळ्यांचं काम एका सामाईक जागी जमा होतं. तिला रेपॉझिटरी म्हणतात. आपण थोडं काम करून तिथे टाकलं की ते एक कमिट झालं. प्रत्येक कमिटला एक चिठ्ठी चिकटलेली असते: कोणी केलं, कधी केलं, कशासाठी केलं. या चिठ्ठीची मांडणी ठरलेली असते. आधी एक नाव, मग टोकदार कंसात एक ईमेल, मग वेळ. कंस एखादा जास्त पडला, नाव एकाऐवजी चार झाली, की चिठ्ठी बिघडली. आमचा जुना सर्व्हर भोळा होता, जे येईल ते पोटात घ्यायचा. नवा कडक निघाला. आमच्या चिठ्ठ्यांचा मोठा हिस्सा त्याच्या मते कचरा होता.

प्रोग्राम तसा साधा होता. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या लहान होड्यांना भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचा अंदाज आणि खाडीच्या तोंडाशी पाणी किती आहे ते फोनवर कळवायचा. तो आम्ही मुरुडच्या एका खोलीत बसून लिहिला होता. आता रत्नागिरीतली एक कचेरी तो चालवायला घेणार होती, म्हणून मी तो त्यांच्या सर्व्हरवर चढवत होते.

मी तिथल्या साहेबांना फोन लावला. माणूस सभ्य होता, मला मॅडम मॅडम करत होता. म्हणाला, "मॅडम, कशाला त्रास घेता? जुना इतिहास सोडून द्या. आजच्या सगळ्या फायली एका कमिटमध्ये टाका, तुमच्या नावाने. प्रोग्राम चालल्याशी मतलब."

मी म्हटलं, "आणि तो सांभाळायला तुम्ही जी जागा भरताय, तिचं काय?"

"ती भरणारच. हे लिहिणाऱ्यांपैकीच कोणी सांभाळायला मिळालं तर उत्तम. मुलाखतीच्या वेळी रेपॉझिटरी उघडून बघूच की, कोणी काय लिहिलंय ते."

"इतिहास टाकून दिल्यावर काय बघणार तुम्ही? माझं एकटीचं नाव?"

मग ते म्हणाले, मुलाखतीच्या आत दुरुस्त करून देत असाल तर द्या. मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती.

त्या जागेसाठी माझ्या मैत्रिणीने अर्ज केला होता. ती केळशीची, मच्छीमाराच्या घरातली, आणि आमच्या प्रोग्रामचा अर्ध्याहून जास्त भाग तिने लिहिलेला. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिने काम सोडलं आणि त्यांना सांभाळत घरी बसली. होडी विकावी लागली. आता वडील काठी टेकत अंगणात फिरायला लागले होते आणि तिला पुन्हा उभं राहायचं होतं. पण मधली वर्षं कोरी, आणि त्याआधीच्या वर्षांचा तिच्याजवळ एकही कागद नाही. आमच्या त्या खोलीला कधी कंपनीची पाटी लागली नाही, पत्र नाही, शिक्का नाही. तिने काम केल्याचा पुरावा एकच, त्या चिठ्ठ्या. आणि खराब झालेल्या चिठ्ठ्या मी उघडून बघितल्या, तर बिघडलेली प्रत्येक ओळ तिचीच होती.

आम्हा तिघांपैकी दादांची आणि माझी एकही नाही. आम्ही दोघांनी जिथे तिथे आपापलं एकच नाव घातलेलं, सरळ. तिच्या ओळी मात्र अशा, की पहिलं नाव दादांचं, मग माझं, प्रत्येकाच्या पुढे वेगळा कंस, कुठे होडीचं नाव, आणि सगळ्यांच्या शेवटी, कंस बंद करायला विसरून, ती स्वतः.

बघता बघता ती खोली माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

मुरुडला दादांच्या घरामागे ती खोली होती. दादा म्हणजे आमचे गुरू, मालक आणि शिपाई सगळं एकच. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून गावी परत आले होते. चष्म्याला दोरा बांधलेला, अंगात बंडी, आणि बोलणं इतकं सावकाश की त्यांचं वाक्य संपेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. अंगणभर सुपारी वाळत घातलेली असायची. तिच्यामधून वाट काढत आम्ही आत जायचो आणि पाय लागून एखादी घरंगळली की वहिनी आतून ओरडायच्या. खोलीत तीन खुर्च्या, एक मोठं यंत्र, आणि समुद्राचा आवाज. खाऱ्या हवेने कशालाही गंज चढायचा. यंत्राच्या आतली घड्याळाची बॅटरीसुद्धा कुजली होती, त्यामुळे लाईट जाऊन आली की त्याला वाटायचं आपण फार मागच्या एका जानेवारीत आहोत. त्या दिवसांतल्या कमिटवर अशा तारखा पडल्या आहेत की तेव्हा आम्ही दोघी शाळेत दोन वेण्या घालून जात होतो.

मी दापोलीहून एसटीने यायचे. ती केळशीहून बस बदलत यायची, आणि माझ्या आधी हजर असायची. मला पसारा खपत नाही. फायलींची नावं, रिकाम्या जागा, ओळींचे शेवट, सगळं मला जागच्या जागी लागतं. ती लिहायची जोरात आणि भराभर, आणि कमिटच्या चिठ्ठीत कामाबरोबर त्या दिवसाचा वाराही लिहायची. "अमावास्येचं कोष्टक दुरुस्त. वारा दक्षिणेचा, जोरात." मी म्हणायचे, वाऱ्याचा इथे काय संबंध? ती म्हणायची, "वाऱ्याचा सगल्याशी संबंध हाय गो." दादा हसून चहा ओतायचे आणि निकाल द्यायचा टाळायचे.

मग ते मोठं वादळ आलं. त्याचं वर्णन मी करत नाही, आमच्याकडे ज्याला त्याला आपापलं पाठ आहे. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि मुरुड-केळशीकडे कितीतरी दिवस लाईट आली नाही. दापोलीत ती त्यामानाने लवकर आली. फोनला रेंज नाही, इंटरनेटचं नावच नको. आणि नेमकं तेव्हाच होड्यांना वेळा कळवणं सगळ्यात गरजेचं, कारण खाडीच्या तोंडाशी झाडं-ओंडके अडकून सगळी वाट बदललेली.

तेव्हा आम्ही जी पद्धत काढली ती दुसरीकडे कुठे कोणी काढली असेल असं मला वाटत नाही. केळशीला तिच्या वडिलांची होडी दुरुस्त होऊन उभी होती. ते होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे आणि तिच्यावरच्या सगळ्यांचे मुख्य. रोज ते इंजिन चालू करायचे, होडीच्या बॅटरीवर हिचा लॅपटॉप चार्ज व्हायचा, आणि ही तिथेच फळीवर मांडी घालून काम करायची. काम झालं की पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सोड्यांच्या डब्यात, आणि डबा एसटीच्या कंडक्टरच्या हातात. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. डब्याशिवाय नुसता पेनड्राइव्ह दिला तर कंडक्टर कुठेतरी विसरेल, सोडे कोणी विसरत नाही, असा तिचा हिशोब. दापोलीच्या स्टँडवर मी डबा उतरवून घ्यायचे, माझं काम त्यात भरायचे, आणि मुरुडला धाडायचे. दादा तिथे तासभर जनरेटर लावून सगळं एकत्र करायचे आणि रेंज येईपर्यंत वेळा कागदावर उतरवून बंदरांवर धाडायचे. डबा परत फिरताना वहिनी त्यात कधी आंबोशी घालायच्या, कधी मुरवलेल्या करवंदांची बरणी. त्या पेनड्राइव्हला सोड्यांचा वास लागला तो कायमचा.

या सगळ्या येण्याजाण्यात नेहमीच्या मार्गाने कमिट करणं जमेना. म्हणून दादांनी स्वतःची एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम उरकणारा चार ओळींचा प्रोग्राम, लिहिली. पेनड्राइव्हवर कामाशेजारी "कोण" नावाची एक फाईल ठेवायची. त्यात जे लिहिलेलं असेल ते स्क्रिप्ट जसंच्या तसं लेखकाच्या ओळीत बसवायची. पुढच्या दारावर तपासणी असते, ही मागच्या पडवीतून आत जाणारी वाट होती. लाईट आल्यावरही आम्ही ती सोडली नाही. सवय झाली होती, डब्याचीही.

तर त्या "कोण" मध्ये तिने हे उद्योग केले होते, आणि आज त्यांनी तिचीच वाट अडवली होती.

मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगो, मी काय वाकडं लिवलंय काय?"

"वाकडं नाही, जास्त लिहिलंयस. एका ओळीत चार-चार जणांची नावं."

"मंग होते ना चार जन."

"तू ये इथे," मी म्हटलं. "फोनवर मला तुझ्याशी भांडता येत नाही."

ती दुसऱ्या दिवशी आली, केळशीहून दापोली आणि दापोलीहून रत्नागिरी असा एसटीचा दिवसभराचा प्रवास करून, आणि हातात डबा. झाकण उघडायच्या आधीच मला वास आला. मला भडभडून आलं आणि मी तिला म्हणाले, "केवढी वाळलीयस." ती म्हणाली, "तू तेवडी भरलीस." झालं, मधली सगळी वर्षं तिथल्या तिथे मिटली.

सकाळी आम्ही पडवीत बसलो. मी आधी सगळ्याची एक जुनी प्रत बाजूला काढून ठेवली. मग तिला सांगितलं की दुरुस्ती सोपी आहे. बिघडलेली ओळ म्हणजे तुझी ओळ, यात कुठे शंका नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहिते. अशी ओळ दिसेल तिथे सगळं पुसायचं आणि एकच नाव घालायचं, तुझं. संध्याकाळच्या आत रेपॉझिटरी सर्व्हरवर चढेल, आणि साहेबांना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तूच दिसशील.

"नको," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट सांगितलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"समजलं मला. पन नको. ते माजं एकटीचं नाय."

"लिहिलं कोणी?"

"लिवलं मी. पन त्या दिवशी दादांनी गणित समजावलं होतं. तू चुका काडल्या होत्यास. वादलाच्या टायमाला होडीनं करंट दिला." ती शांतपणे सांगत होती, लहान पोराला सांगावं तसं. "आमच्यात मासली एकाची नसते गो. जाल्याला हात कोनाचा लागला ते कोन बगत नाय. होडी पान्यात गेली की सगल्यांचा वाटा. तांडेलाचा, खलाशांचा, जाल्याचा, होडीचा. मी काय येगलं केलं?"

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसले, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. मला ती गबाळी वाटायची. कंस बंद करत नाही, नावांची गर्दी करते. ती रोज संध्याकाळी वाटे घालत होती हे मला आत्ता कळत होतं. तांडेल म्हणून दादा आधी, स्वतः सगळ्यांच्या शेवटी.

पण मुलाखत होती, आणि माझा स्वभाव काही कुठे गेला नव्हता. मी म्हणाले, "आणि साहेब विचारतील, यातलं तुम्ही काय केलंत, तेव्हा?"

"सांगेन, सगल्यांनी केलं."

"मग ते काय सगळ्यांना ठेवणार आहेत नोकरीला? मला, दादांना? होडीला टेबल-खुर्ची देतील का?"

ती हसली नाही. मुंबईच्या कोणी विकत घेतलेली ती होडी आता कुठल्या बंदरात असेल कोण जाणे. बोलून गेल्यावर मला माझीच जीभ चावावीशी वाटली. मग तीच म्हणाली, "मला नोकरी पायजे. लय पायजे. बाबांची औषधं हायत, घर हाय. पन खोटं बोलून नको."

नवरा आतून चहा घेऊन आला आणि आमची तोंडं बघून ट्रे ठेवून परत गेला.

वाट शेवटी सापडली, आणि ती त्या यंत्रातच होती. लेखकाच्या ओळीत नाव एकच चालतं, पण चिठ्ठीच्या मजकुराखाली, शेवटी, सहलेखक म्हणून बाकीची नावं देता येतात. एकेकाची वेगळी ओळ, वेगळा कंस. सर्व्हरला ते मान्य असतं. मी तिला दाखवलं: वर लेखक म्हणून तू, मधे तुझा वारा, खाली सोबतचे सगळे. तिने ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे मी वर आनि दादा खाली?"

"दादांना विचारू."

दादा आता पुण्याला मुलीकडे असतात. फोन उचलल्यावर त्यांनी नेहमीच्या वेगाने आमची चौकशी केली, आणि मी नेहमीप्रमाणे मधेच तोडून विषयावर आले. एक चिठ्ठी बदलली की तिच्या पुढच्या प्रत्येक कमिटचा क्रमांक बदलतो, म्हणजे ज्याच्या ज्याच्याजवळ जुनी प्रत आहे ती आता जुळणार नाही, हे त्यांना सांगणं भागच होतं. ते म्हणाले, "पोरींनो, मी खालीच बरा. खाली बसून गंमत दिसते." मग म्हणाले, "नवी प्रत पाठवा. पण जुनी मी पुसणार नाही हां. बिघडलेली तर बिघडलेली, माझ्याजवळ राहू दे." फोन ठेवल्यावर ती पदराने डोळे पुसत होती, आणि मी लॅपटॉपची काच पुसत होते.

होडीचा प्रश्न आम्ही असा सोडवला. होडीला ईमेल नाही, म्हणून सहलेखकात तिला घेता आलं नाही. पण चिठ्ठीच्या मजकुरात तिचं नाव घालायला कोणाचीच ना नव्हती. "वारा पश्चिमेचा. होडीच्या बॅटरीवर केलं." असं त्या सगळ्या कमिटांवर आता आहे. आणि त्या मागच्या जानेवारीच्या तारखा तशाच ठेवल्या. नियमाने त्या चुकत नव्हत्या, आणि एवढं लहान व्हायला मिळतंय तर कशाला सोडा.

मग आम्ही एकेक बिघडलेली ओळ वाचत गेलो. स्क्रिप्ट लिहून झाली होती, तरी ती चालवण्याआधी मला सगळं डोळ्यांखालून घालायचं होतं. ती वाचायची, मी कंस बघायचे. वाचता वाचता तिला आठवायचं, हा दिवस कोणता, त्या दिवशी डब्यात काय होतं, दादांचा चष्मा सुपारीच्या ढिगात कधी हरवला होता. आम्ही खूप हसलो. हसता हसता मी एका पानाशी थांबले.

तो पावसाळा मला ओळखू आला. त्या पावसाळ्यात मी मुरुडला नव्हते. दापोलीतही नव्हते. आईला घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलात होते. खाट, सलाईन, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत, एवढंच माझं जग होतं. प्रोग्रामचा विचारही मनात येत नव्हता. गणपतीच्या आधी आई गेली. परत आले तेव्हा खोलीत काम बरंच पुढे गेलेलं होतं, आणि मला वाटलं होतं की या महिन्यांत आपण तिथे नव्हतोच, कोणाला आपली उणीवही भासली नसेल. तसं वाटणं मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

त्या महिन्यांतल्या तिच्या प्रत्येक ओळीत माझं नाव होतं. दादा, मी, ती. दादा, मी, ती. एक दिवस चुकलेला नाही.

"हे काय?" मी विचारलं. "इथे मी कशी?"

तिने वाकून बघितलं. "तू हॉस्पिटलात होतीस तवाचं."

"अगं पण मी काही केलंच नव्हतं!"

"आजारपन होतं ना घरात," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नाहीच. "घरात आजारपन हाय म्हनून कोनाचा वाटा कापतात काय? बाबांनी कदी कापला नाय. खलाशी घरी पडून असला तरी त्याचा वाटा त्याच्या दारात पोचायचा."

मला रडू आवरेना. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी त्या पडवीत बसून, कंस मोजता मोजता, हुंदके देऊन रडले. तिने डब्यातले थोडे सोडे काढून घेतले, आत जाऊन ते भाजले आणि कांद्याबरोबर बशीत घेऊन आली. "खा," म्हणाली.

खाऊन झाल्यावर मी डोळे पुसले आणि म्हणाले, "यातून माझं नाव काढायचं."

आता ती चिडली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली फार थोड्या वेळा बघितली आहे. तिने बशी बाजूला सारली. "का?"

"कारण साहेब विचारतील. या बाईने या महिन्यांत काय केलं, ते दाखवा, म्हणतील. तू काय दाखवशील? हॉस्पिटलाची खाट? आणि एक नाव खोटं निघालं की ते बाकीच्यांवर तरी कशाला विश्वास ठेवतील? तुझ्यावर तरी का ठेवतील?"

"खोटं नाय ते."

"तुझ्या बाबांच्या होडीवर खोटं नाही. इथे आहे."

ती रस्त्याकडे बघत बसली. समोरून मासेवाली गेली, तिने सवयीने हाक दिली, आम्ही दोघींनी सवयीनेच मान हलवली. शेवटी ती म्हणाली, "काड. पन तुज्या हातानं काड. मी नाय काडनार."

म्हणून त्या पावसाळ्यातून मी माझं नाव माझ्या हाताने काढलं. स्क्रिप्टला ते करता आलं असतं, दोन ओळींचं काम. पण मला तेवढ्यात संपवायचं नव्हतं. एकेक चिठ्ठी उघडली, तिचा वारा वाचला, मग माझी ओळ पुसली. त्या महिन्यांत किनाऱ्यावर कसला कसला वारा होता ते मला त्या दिवशी कळलं. ती शेजारी बसून होती.

संध्याकाळी रेपॉझिटरी सर्व्हरवर चढवली. या वेळी तांबडी ओळ आली नाही. सर्व्हरने सगळं मुकाट्याने आत घेतलं. ती म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." दोघींनाही त्याचा म्हणावा तसा आनंद झाला नाही.

मुलाखतीला ती माझी साडी नेसून गेली. मी बाहेर बाकावर बसले होते, तिच्यापेक्षा मलाच जास्त घाम फुटला होता. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. साहेबांनी खरंच रेपॉझिटरी उघडली होती, आणि विचारलंही होतं, हे प्रत्येक चिठ्ठीत वारा वारा काय आहे? तिने सांगितलं की भरतीची वेळ गणिताने येते, पण वारा उलटा असेल तर पाणी गणित ऐकत नाही, म्हणून त्या दिवशीचा वारा माहीत असला तर चूक गणिताची की वाऱ्याची ते पुढे कळतं. मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं मी ज्याची चेष्टा केली त्याला कारण होतं, आणि बाईने मला एकदाही सांगितलं नव्हतं. "तू विचारलंस कुटं," ती म्हणाली. "तू नुसती म्हनायचीस, काय संबंध."

जागा तिला मिळाली. आता ती रत्नागिरीत एका खोलीत राहते, वडिलांना घेऊन आली आहे. प्रोग्राम तिच्या ताब्यात गेला आणि माझा त्याच्याशी संबंध संपला. फक्त रेपॉझिटरीत नवं काही पडलं की मला त्याची सूचना येते, ती बंद करायची राहून गेली होती.

ती कामाला लागली त्याच आठवड्यात मी तापाने आडवी झाले. पहिल्याच दिवशी तिचा फोन आला, तेव्हा आवाजावरून तिला कळलं, आणि काय खाल्लंस, काढा घेतलास का, असं सगळं विचारून झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी उशाशी फोन वाजला. तिचं नव्या नोकरीतलं पहिलं कमिट होतं. मी चष्मा शोधला आणि पडल्या पडल्या वाचलं. लेखकाच्या ओळीत तिचं नाव, एकच, कंस उघडलेला आणि व्यवस्थित बंद केलेला. मधे लिहिलं होतं, "खाडीच्या मुखाच्या खोलीचे आकडे नव्याने भरले. वारा मंद, दक्षिणेचा." आणि त्याखाली सहलेखक म्हणून माझं नाव होतं, माझा ईमेल अगदी बरोबर घातलेला.

मी त्या दिवशी अंथरुणातून उठलेही नव्हते.